अक्काची राहिलेली दोन इंजेक्शनं

माझ्या मायला आठ लेकरं झाली. त्यातली आम्ही पाच जगलो. तीन पहिल्या आठ दिवसांतच गेली. त्यांची नावं ठेवायची वेळ आली नाही, म्हणून घरात कधी विषय निघालाच तर पहिलं, मधलं आणि उन्हाळ्यातलं असं म्हणायचे.

पहिल्या दोघांचं मी ऐकलेलं. उन्हाळ्यातलं मी पाहिलं. नव्वद साल लागलं असेल-नसेल, मी पाचवीत होते. जवळा बाजारहून पायी तासाभराच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावाला लागून आमची बौद्ध वस्ती. तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि ज्वारी. बाकीचे दिवस माय आणि बा दुसऱ्याच्या वावरात रोजानं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि माय घरीच बाळंत झाली. वस्तीतली दाई आली. तिनं वळचणीला खोचलेला विळा काढला, नाळ कापली आणि बेंबीवर गोवरीची राख दाबून बसवली. राखेनं रक्त थांबतं, नाळ लवकर वाळते, हे सगळ्यांना माहीत होतं. नाळ कापलेला विळा पाचवीपर्यंत धुवायचा नाही, लेकराच्या उशाशी ठेवायचा आणि पाचव्या दिवशी सटवाईच्या नावानं पुजायचा. आमच्या घरातले देव आजोबांच्या वेळीच गेले होते. घरात वंदना होत होती. पाचवी मात्र राहिली होती. पाचवी बायांची होती, आणि देव काढताना बायांना कोणी विचारलं नव्हतं.

पाचवी झाली. सहाव्या दिवशी लेकरानं दूध ओढायचं सोडलं. मायनं कापसाच्या वातीनं तोंडात दूध सोडलं, ते गालावरून खाली आलं. तोंड उघडतच नव्हतं. सातव्या दिवशी त्याला हात लावला की ते ताठ व्हायचं, पाठीची कमान व्हायची, मुठी आवळलेल्या. दार वाजलं तरी ताठायचं. म्हणून आम्हाला सगळ्यांना बाहेर बसवलं आणि दाराला पोतं बांधलं. दुपारी बा फडक्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन बांधाकडे गेला. दाई म्हणाली, "सटवाईनं लिहिलंच नव्हतं त्याचं." चार दिवसांनी माय पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधायला गेली. छातीला फडकं करकचून बांधलेलं, दूध थांबावं म्हणून. त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं ते कायमचंच.

हे सगळं मी आज सरळ लिहू शकते, कारण तेव्हाही मला फार काही वाटलं नव्हतं. असं होतं लेकरांचं, एवढंच वाटलं होतं.

अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली. सुटली म्हणजे कोणी सोडवली नाही. लहान भावंडं होती, निंदण होतं, ती आपोआप घरी राहिली. मी पुढे शिकत गेले. घरातलं मी पहिलंच माणूस, दहावीपर्यंत गेलेलं. त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू. सकाळी अक्का खुरपं घेऊन निघायची आणि मी दप्तर घेऊन, तेव्हा मी तिच्या दोन पावलं पुढे चालायची.

आता नर्सबाईबद्दल सांगते. तिच्याशिवाय हे कळणार नाही.

ती उपकेंद्रावरची नर्स. वस्तीत तिला सगळे नर्सबाई म्हणत. ती यायची ती दोन कामांना. एक, लहान लेकरांना टोचायला. दुसरं, बायांना मूल बंद करायच्या ऑपरेशनच्या कॅम्पाला न्यायला. दुसऱ्या कामाला जीप यायची. तिच्या हातात एक लांबट रजिस्टर असायचं. त्यात ज्या बाईचं नाव चढलं तिला 'केस' म्हणायचे. त्या वर्षांत केसी आणायचं काम आमच्या मास्तरांच्याही मागे लागलेलं होतं. मास्तर शाळा सुटल्यावर दारोदार हिंडायचे. दोन लेकरं झालेली बाई मास्तर दिसले की मागच्या दारानं जायची. एक मास्तर तर आमच्या चुलतीला म्हणाले होते, "वहिनी, तुमी कॅम्पाला आलात तर माझी बदली टळते." चुलती म्हणाली, "मंग तुमच्या मंडळीला न्या ना मास्तर, बदली पण टळल आन् दोघं संगं बी राहाल."

मी दहावीत गेले त्या वर्षी दिवाळीनंतर नर्सबाई रजिस्टर घेऊन शाळेत आली आणि आठवीच्या वरच्या सगळ्या पोरींची नावं लिहून घेतली. मास्तर तिच्या शेजारी बसून जन्मतारखा सांगत होते. दुसऱ्या दिवशी हापशावर बोलणं सुरू झालं.

"पोरींची नावं लिहून नेली म्हणं."

"काहून?"

"काहून म्हणती. बायांच्या केसी संपल्या, आता पोरींचा नंबर लागला."

"पोरींचं काय ऑपरेशन करतेत?"

"चिरत न्हाईत आता. सुई टोचली की झालं. लेकराचा कोठा आतल्या आत वाळतो."

"तुला कोणं सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे. बाई तीच, मास्तर तेच, रजिस्टर तेच. आन् पोरांला काहून टोचत न्हाईत मंग?"

आज बायांना अडाणी म्हणणारी माणसं मला भेटतात, शिकलेली. मी त्यांना सांगते, त्या बायांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्यावरून बराबर हिशेब मांडला होता. उत्तर चुकलं. ते चुकू नये म्हणून त्यांच्याशी दोन शब्द बोलायचं काम कोणी केलं नव्हतं.

मायनं मला सांगितलं, "सुईवाली आली की घरी पळून ये."

मी पळाले नाही. त्यात माझी हुशारी काही नव्हती. गणिताचे मास्तर वर्गात येऊन म्हणाले, "जिनं इंजेक्शन घेतलं नाही तिचं हॉल तिकीट अडेल." हे खोटं होतं. पण मला ते खरं वाटलं, आणि हॉल तिकिटासाठी मी तेव्हा काहीही टोचून घेतलं असतं. वर्गात आम्ही आठ पोरी. तिघी शाळेच्या कुंपणाच्या तारेखालून वाकून पळाल्या. मी बाकावर बसून बाही वर केली.

"कशाचं हाय हे, बाई?" मी विचारलं.

"धनुर्वाताचं. एक आज, एक महिन्यानं. पुढं तुझ्या कामाला येईल."

"परीक्षेत?"

नर्सबाई हसली. "आगं, त्याच्या पुढं. तुझ्या लेकराला."

बाकीच्या पोरी खिदळल्या आणि मी मान खाली घातली. लेकराचं नाव ऐकून मला हापशावरचं बोलणं आठवलं. पण तोवर सुई टोचून झाली होती. बाईसंगं कंपाउंडरसारखा एक माणूस होता, त्यानं हातात एक पिवळं कार्ड दिलं. ते मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं.

त्याच दुपारी नर्सबाई वस्तीत आली. शाळा सोडलेल्या पोरींची यादी मास्तरांनी तिला दिली होती. मी घरी पोचले तेव्हा माय अक्काला कापसाच्या खोलीत घालत होती. आमचं घर दोन खोल्यांचं. त्या दिवसांत आतल्या खोलीत वेचणीचा कापूस छातीइतका भरलेला असायचा, विकायला न्यायची पाळी येईपर्यंत. अक्का त्यात बसली, मायनं तिच्यावर कापूस ओढला, आणि दार लोटून घेतलं. अक्काची सोयरीक ठरत आली होती, सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला. पाहुणे येत्या बाजारच्या दिवशी बोलायला येणार होते. पोरीला सुई टोचली असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते जवळा बाजारहूनच माघारी गेले असते.

माय मला म्हणाली, "तुला नीट बोलता येतं. तू सांग."

मी दारात उभी राहिले. दंड दुखत होता. नर्सबाईनं रजिस्टर उघडलं, अक्काचं नाव वाचलं.

"घरी हाय का?"

"न्हाई. वावरात गेली."

"कोणत्या?"

"लांबच्या. मामाच्या गावाला गेली, तिकडच्या वावरात."

नर्सबाईनं माझ्याकडे बघितलं. सकाळी हिनेच बाही वर केली होती हे तिला आठवलं असणार. ती दोन पावलं आत आली असती तर तिला अक्काचा श्वास ऐकू आला असता. ती आली नाही. तिला अजून अर्धी वस्ती फिरायची होती. तिनं अक्काच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली.

मी घेतलं होतं हे मायला मी सांगितलं नाही. महिन्यानं दुसरंही घेतलं, तेही सांगितलं नाही. अक्काचं त्या दुसऱ्या वेळी होऊ शकलं असतं. तोवर साखरपुडा झाला होता, हातात पाहुण्यांच्या बांगड्या होत्या, आणि मायनं तिला खरोखरच मामाकडे पाठवलं होतं.

मी दहावी पास झाले. आमच्या वस्तीतली पहिली पोरगी. बानं जवळा बाजारहून पेढे आणले. त्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं.

चार-पाच महिन्यांत अक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातवा महिना लागला की बाप जाऊन पोरीला घेऊन येतो. बा तिला एसटीनं घेऊन आला. तेव्हा मी हिंगोलीला वसतिगृहात राहून अकरावी-बारावी करत होते, सुट्टीला घरी आले होते. नर्सबाई वस्तीत आली तेव्हा तिनं अक्काचं पोट पाहून विचारलं, "हिची नोंद कुठं हाय?"

"सासरी," माय म्हणाली.

"इंजेक्शनं झालीत तिकडं?"

"झाली असतील की."

नर्सबाईनं तेवढ्यावर मान हलवली आणि पुढे गेली. सासरी अक्काची सासू म्हणाली होती, बाळंतपण माहेरी आहे, जे काय टोचायचं ते तिकडंच टोचतील. तिकडची नर्स म्हणाली होती, ही पोरगी माहेरी जाणार, तिची नोंद तिकडं होईल. असं अक्काचं नाव दोन्हीकडच्या रजिस्टरात नव्हतं. मी घरातच बसले होते. अकरावीला सायन्स नव्हतं माझं, पण मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मला सुचलंच नाही.

अक्काला मुलगा झाला. दाई तीच, आता म्हातारी झालेली. विळा, राख, पाचवी सगळं झालं. मी सुट्टी संपून परत जाणार होते, पण लेकराकरिता दोन दिवस थांबले. सहाव्या दिवशी सकाळी अक्का मला म्हणाली, "हे पेत न्हाई गं."

मायनं ते ऐकलं. ती चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही. तिनं फक्त हातातला तवा खाली ठेवला. माझ्या आयुष्यात मी कोणाच्या चेहऱ्यावर तसं काही पाहिलेलं नाही, आणि त्याला काय म्हणायचं तेही मला माहीत नाही. तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही लेकराला जवळा बाजारच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं परभणीला न्या म्हणून चिठ्ठी दिली. एसटीच्या स्टँडवर बसलो होतो, गाडी यायला अवकाश होता. तिथंच ते गेलं. बसायच्या कट्ट्यावर. शेजारी एक बाई भुईमुगाच्या शेंगा खात होती, ती शेंगा तशाच पदरात धरून उठून गेली.

पुढच्या आठवड्यात नर्सबाई मृत्यूची नोंद करायला आली. माझं कॉलेज बुडत होतं, मी गेले नव्हते.

"कितव्या दिवशी?"

"सातव्या," मी सांगितलं.

"आधी दूध ओढायचं बंद झालं?"

"व्हय."

"जबडा आवळला होता? हात लावला की ताठायचं?"

"व्हय."

तिनं लिहायचं थांबवलं. "धनुर्वात आहे हा. कापलेल्या नाळेतून जातो आत. विळ्यातून, राखेतून, शेणातून, कशातून पण. आईनं इंजेक्शन घेतलेलं असलं की तिच्या रक्तातलं लेकराला पोटातच मिळतं. मग राख लागली तरी लेकरू तरतं. न्हाई घेतलं तर लेकरू जातं. कधी कधी आई बी जाते." मग तिनं मला विचारलं, "तू घेतलं होतंस ना शाळेत?"

"व्हय. दोन."

"आन् तुझ्या बहिणीनं?"

अक्का आतल्या खोलीत झोपली होती. माय दारात होती. मी मायकडं बघितलं. नर्सबाईनं रजिस्टर मागे उलटलं नाही, तिला ते पाहायची गरज नव्हती बहुतेक. ती मायला म्हणाली, "मावशी, तुमची पण अशीच गेली का?"

मायनं तीन बोटं दाखवली.

नर्सबाई गेल्यावर मी अक्काजवळ जाऊन बसले. तिच्या छातीला फडकं बांधलेलं होतं. मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी नर्सबाईला मी न्हाई म्हणून सांगितलं. तू वावरात गेली म्हणून."

"मला ठाव हाय. मी कापसातच व्हते की. ऐकू येत व्हतं."

"मी घेतलं व्हतं गं त्या दिवशी. सकाळीच."

तिनं छातीचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "तू न्हाई म्हणलीस ते मला लई बरं वाटलं व्हतं तवा. वाटलं, वाचले बाई." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी परत हिंगोलीला गेले. वर्गात बसायची, लिहून घ्यायची. पास होत गेले. त्या दोन वर्षांतलं मला फारसं काही आठवत नाही. खाणावळीची भाजी आठवते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बा वसतिगृहावर आला आणि म्हणाला, अक्काला पुन्हा दिवस गेलेत, चौथा लागलाय. यावेळचं बाळंतपण सासरी. सासरच्यांनी सांगून ठेवलंय की हे लेकरू हाती लागलं नाही तर ते पोराचं दुसरं बघतील. हे सांगताना बा वसतिगृहाच्या पायरीवर बसला होता आणि टोपी काढून पुन्हा घालत होता.

मी दुसऱ्या दिवशी पुसेगावची गाडी धरली. तिथून पुढे अक्काच्या गावापर्यंत पायी. अक्काची सासू अंगणात डाळ पाखडत होती. दाजी कामावर गेले होते. मी जयभीम केला, पाणी प्याले आणि सरळ सांगितलं की मी अक्काला उपकेंद्रावर न्यायला आले, दोन इंजेक्शनं घ्यायची आहेत, एक आज आणि एक महिन्यानं.

सासूनं सूप खाली ठेवलं नाही. "पयलं लेकरू तुमच्या घरी गेलं. आता तुमची सुई आमच्या घरी कशाला?"

"सुई घेतली नव्हती म्हणून गेलं, मावशी."

"तुला कोणं सांगितलं?"

"नर्सबाईनं सांगितलं. मी पण घेतलेली हाय."

"तू घेतली. बरं. तुझं लगन झालंय का?"

"न्हाई."

"लेकरू झालंय?"

"न्हाई."

"मंग तुला काय ठाव सुईनं काय व्हतं. कालिजात शिकून राहिलीस ते शीक. मला चार झाले, चारी जित्ते हाईत, एक बी सुई न्हाई."

तिचे चारी खरंच जिवंत होते, एक तर समोर बैल पाजून राहिला होता. मी चार वर्षं कॉलेजात काढली होती आणि मला एका बाईशी बोलता येत नव्हतं. मला रडू आलं नाही, राग आला. मी काहीतरी उलटं बोलणार होते, तेवढ्यात अक्का चुलीपासून उठून बाहेर आली. तिनं पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या.

"आत्याबाई, मी चालले," ती म्हणाली. "टोचून बी गेलं तर मला टाकून द्या. न टोचता गेलं तरी टाकणारच की तुमी. मंग टोचूनच घेते."

अक्काला एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. सासूनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. आम्ही फाट्याकडे निघालो तशी ती सूप ठेवून मागून आली. "मी बी येते. कशाची सुई देतेत ते माझ्या डोळ्यानं बघते."

उपकेंद्रावर तिनं नर्सला तीन-तीनदा विचारलं, हे ऑपरेशनचं नाही ना. ती नर्स चांगली होती. तिनं बाटली हातात दिली, धनुर्वात म्हणजे काय ते बसून सांगितलं. सासूला लेकराच्या ताठण्याचं ऐकून आपल्या जावेचं एक आठवलं. ती नर्सला म्हणाली, "आसं आमच्या जाऊबाईचं झालं व्हतं. आमी म्हणलं दिष्ट लागली." येताना तिनंच अक्काला रस्त्यात दोनदा विचारलं, हात दुखून राहिला का. पुढच्या महिन्यात दुसऱ्या सुईला तीच अक्काला घेऊन गेली, मी नव्हते.

बाळंतपणासाठी मी नवं ब्लेड आणि दोरा नेऊन ठेवला होता. पाण्यात उकळून घ्या म्हणून सांगितलं होतं. अक्का आठ दिवस आधीच बाळंत झाली. मी पोचले तेव्हा मुलगी झालेली होती, ब्लेड कागदात गुंडाळलेलं फडताळात तसंच होतं. नाळ विळ्यानं कापली होती. बेंबीवर राख होती.

मी राख ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसली आणि तिथंच राहिले. कॉलेजात कळवलं नाही. पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी सकाळी अक्का लेकराला छातीशी धरून बसली. मी समोर बसले. सासू दारात बसली, तिनं तोंडातली सुपारीही चावली नाही. लेकरानं तोंड उघडलं आणि प्यायला लागलं. सातव्या दिवशी पण प्यालं. आठव्या दिवशी त्याच्या जवळच कोणीतरी डबा पाडला, मोठा आवाज झाला, आणि ते ताठलं नाही. जोरात रडलं. सासू म्हणाली, "रडू द्या. घसा हाय तिचा."

मला फार आनंद झाला असं मी लिहिणार नाही. तसं काही झालं नाही. मी अंगणात जाऊन भांडी घासली. नवव्या दिवशी मी एसटीत बसले आणि हिंगोलीपर्यंत झोपले. अक्काला कोणी टाकलं नाही. पुढे तिला अजून एक मुलगा झाला.

त्या एसटीत नाही, पण नंतर बरेच दिवस मी एका गोष्टीचा विचार करत राहिले. गरोदरपणात इंजेक्शन द्यायचं म्हणजे बाई सापडायला पाहिजे. आमच्याकडं बाई तेव्हा सापडतच नाही. ती सातव्या महिन्यात माहेरी येते, बाळंत होऊन सव्वा महिन्यानं सासरी जाते, मधल्या काळात कुणाच्याच रजिस्टरात नसते. ऊसतोडीला गेलेल्या घरची असेल तर विचारूच नका. पण शाळेतली पोरगी रोज सकाळी दहाला एका बाकावर बसलेली असते. तिथं तिला मिळालेलं तिच्या रक्तात बसतं आणि ती जाईल तिकडं तिच्यासंगं जातं. नंतर गरोदरपणातलं घ्यायचंच, ते चुकवायचं नाही. पण ते चुकलंच तर हाताशी काहीतरी असतं. अक्काच्या हाताशी काही नव्हतं. तिची ती दोन इंजेक्शनं आमच्या घरात कापसाखाली राहिली, आणि दारात मी उभी होते.

मी बी.ए. झाले, नंतर बी.एड. केलं, लग्न झालं, आणि हिंगोलीजवळच्या एका शाळेत लागले. आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो बानं भिंतीवर लावलाय. शाळेत पहिल्याच वर्षी मी इंजेक्शनाच्या आधल्या आठवड्यात पोरींच्या आयांना बोलवलं. हॉल तिकिटाची धमकी दिली नाही. कशाचं आहे, कशाचं नाही, आणि पोरांना का नाही, हे सगळं सांगितलं. तांड्यावरच्या एका बाईनं विचारलं, "बाई, तुमी घेतलं व्हतं का?" मी व्हय म्हणाले. "आन् मंग लेकरं?" तेव्हा माझा मोठा मुलगा दीड वर्षाचा होता, दुसऱ्या वेळी दिवस गेलेले होते. मी पोटावर हात ठेवून दाखवला. बाया हसल्या. एकीनं शेजारणीला कोपर मारून म्हटलं, "कोठा चांगला चालू हाय बाईचा." त्या वर्षी तारेखालून एकही पोरगी पळाली नाही.

अक्काची ती मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेत तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. माय तेव्हा त्यांच्याकडे गेलेली होती. ती नातीसंगं शाळेत गेली आणि तिकडची नर्स सुई टोचेपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली, असं अक्कानं मला फोनवर सांगितलं. माय तिथं काय म्हणाली, मी विचारलं. अक्का म्हणाली, काही नाही, नुसतं बघत होती.

माझी दोन्ही लेकरं आणि अक्काची नंतरची दोन्ही लेकरं जगली. अक्काच्या पहिल्या मुलानंतर आमच्या घरात एकही लेकरू धनुर्वातानं गेलेलं नाही.